त्रेचाळीस इंचांची आत्या

शुक्रवारी सकाळी चहा पिताना मी अप्पांना म्हणालो, "तुम्ही नाशिकला कशाला जाताय? आत्याचा कार्यक्रम मी तुम्हाला टीव्हीवर दाखवतो. तिथं पहिल्या रांगेत बसून दिसेल त्याहून मोठी आत्या दिसेल." एवढं बोलायला मला पाच सेकंद लागले. निस्तरता निस्तरता रविवारची दुपार झाली.

कार्यक्रम म्हणजे पार्वतीआत्याचं सहस्रचंद्रदर्शन. आयुष्यात हजार पौर्णिमा पाहून झाल्या की माणसाला पाटावर बसवून ओवाळायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. आत्या एक्क्याऐंशीची आणि तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझे वडील नरहरराव, अठ्ठ्याऐंशीचे. पाच भावंडांत आता हे दोघंच उरलेत. अप्पांच्या खुब्यात रॉड बसवल्यापासून, म्हणजे चार वर्षांत, दोघांची भेट नाही. औराद ते नाशिक गाडीत बारा तास, आणि बीदरच्या डॉक्टरांनी बारा तास काय, बारा किलोमीटरलाही नाही म्हणून सांगितलं. अप्पांनी मला तीनदा विचारलं, हळूच जाऊन आलो तर चालेल का म्हणून. तिसऱ्यांदा विचारताना ते माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते, तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही आणि ते वाक्य तोंडून गेलं.

फोनवर दाखवता आलं असतं, पण अप्पांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू निघालाय, दुसऱ्याचा अजून तसाच आहे. फोनवर त्यांना आत्या कोणती आणि तिच्या मागचं कपाट कोणतं ते कळत नाही. वर आत्यानं फोनवर जाहीर करून टाकलेलं, "अण्णाला मी दिसल्याबिगर पाटावर बसणार न्हाई." ती अप्पांना अण्णा म्हणते. आमच्या आत्यानं एकदा न्हाई म्हटलं की नाशिकातले सगळे गुरुजी मिळूनही तिचं व्हय करू शकत नाहीत. म्हणजे रविवारी साडेअकराला आमच्या टीव्हीवर चित्र आलं नाही, तर तिकडे आत्या उभी आणि इकडे अप्पा बसलेले राहणार होते, आणि दोघांच्या मधे मी.

शुक्रवारी संध्याकाळी चाचणी घ्यायची ठरली. आत्याचा मुलगा श्रीहर्ष यानं आपल्या फोनवरून रिकाम्या हॉलचं प्रक्षेपण सुरू केलं. माझ्या फोनवर नाशिकच्या खुर्च्या स्वच्छ दिसल्या. टीव्हीवर मात्र काळ्या पडद्यावर एक गोल फिरत राहिला. थोडं फिरून दमला की इंग्रजीत दोन ओळींचा एक चौकोन यायचा, खाली ओके. मी ओके दाबायचो. गोल पुन्हा फिरायचा.

मी औरादच्या हायस्कुलात एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. विद्युतधारेचा धडा तर असा शिकवायचो की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीशी येऊन उभी राहायची. त्यामुळे घरातल्या कुठल्याही वायरीच्या वस्तूबद्दल शेवटचा शब्द माझा असतो. माझी पत्नी विनीता हे मान्य करते, फक्त वस्तू बिघडल्यावर ती एखाद्या दुसऱ्या माणसाला बोलावून घेते.

शनिवारी सकाळी तिनं बंडेप्पाला बोलावलं. बंडेप्पाचं बियाण्यांचं दुकान आमच्या घराला लागून आहे आणि त्याच्या दुकानात कॉम्प्युटर आहे, एवढ्या भांडवलावर तो गल्लीत तज्ज्ञ समजला जातो. त्यानं आधी टीव्हीची पिन उपटून मनातल्या मनात तीस आकडे मोजले. मग राऊटर उचलून देवघराच्या फडताळावर ठेवला, कारण तिथून तेलंगणाचा टॉवर जवळ पडतो. कर्नाटकातल्या राऊटरला तेलंगणाच्या टॉवरशी काय देणंघेणं, हे मी विचारलं. तो म्हणाला की सीमेवर राहायचं तर सगळ्यांशी जमवून घ्यावं लागतं. यात विज्ञान नव्हतं, पण तत्त्वज्ञान होतं, म्हणून मी राऊटर तिथंच राहू दिला.

गोल फिरतच होता. तेव्हा बंडेप्पानं रोगाचं मूळ सांगितलं. "सर, तुम्ही टीव्ही इंग्रजीत ठेवलाव. म्हणून तो दर गोष्ट अमेरिकेला विचारायला जायलाय. कन्नड करा, बेंगळूरातनंच उत्तर येतंय बगा."

त्यानं टीव्ही कन्नड केला. औरादमध्ये आम्ही सगळे बाजारात कन्नड, घरात मराठी आणि भांडताना दखनी उर्दू बोलतो, तेव्हा कन्नडचं मला काही वावडं नाही. पण टीव्हीतलं ते कन्नड इतकं भारदस्त होतं की खुद्द बंडेप्पा, ज्याचं जन्मापासूनचं शिक्षण कन्नडमध्ये झालंय, तो दोन ओळी वाचून म्हणाला की हे बहुतेक विधानसभेतलं कन्नड असावं. चौकोन आता कन्नडमध्ये येऊ लागला. आम्ही दोघांनी आळीपाळीनं ओके दाबलं.

बेंगळुरूहून माझ्या मुलीचा, भार्गवीचा, फोन आला. तिनं एकच विचारलं, स्क्रीनवर काय लिहून येतंय ते वाचा. मी म्हटलं, काही नाही गं, नेहमीचंच. तिनं एक लांब श्वास घेतला, जो मी वर्गात ढ पोरापुढं घ्यायचो, आणि कंपनीच्या मदत केंद्राला फोन करायला सांगितलं.

मदत केंद्रातल्या बाईंनी अत्यंत गोड आवाजात टीव्हीचा क्रमांक मागितला. क्रमांक टीव्हीच्या पाठीवर असतो. टीव्ही भिंतीवर सहा स्क्रूंनी मीच बसवलेला, आणि इतका पक्का की मागे बोटभर फट. विनीता म्हणाली स्क्रू काढा. मी म्हटलं, विज्ञानाच्या शिक्षकाला स्क्रू काढावे लागत नाहीत. तिचा हातातला आरसा घेतला, फटीत तिरका धरला, फोनचा दिवा पाडला आणि आरशात दिसणारा क्रमांक एकेक अंक करून मोठ्यांदा वाचून दाखवला. पलीकडे बराच वेळ टकटक ऐकू आली. मग बाई म्हणाल्या, "सर, या नंबरचा टीव्ही आमच्या कंपनीनं अजून बनवलेलाच नाही."

मी त्यांना जरा सुनावलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं, मी पुन्हा तेच वाचलं, आणि त्यांनी माझी तक्रार नम्रपणे बंद केली. फोन ठेवल्यावर विनीता म्हणाली, "आरशात उलटं दिसतं ना हो?" सपाट आरशातली प्रतिमा डावी-उजवी उलटी असते हे मी एकतीस वर्षं शिकवलं, त्यावर दोन मार्कांचा प्रश्न काढला, आणि चुकणाऱ्यांना बाकावर उभं केलं. बंडेप्पा तिथंच होता. तो काही बोलला नाही, पण त्याचं न बोलणं संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं.

दुपारी आमच्या शाळेचे जुने हेडक्लार्क वारल्याचा निरोप आला आणि मी स्मशानात गेलो. तिथं लोक गेलेल्या माणसाच्या आठवणी काढत होते आणि मला मात्र एकदम सुचलं की ॲप काढून पुन्हा टाकलं तर? हे आधी कसं सुचलं नाही, या आनंदात मी घरी आलो आणि अंघोळ न करता थेट खोलीत जाऊन रिमोट उचलला.

विनीता दारातच होती. स्मशानातून आलेल्या माणसानं अंघोळीआधी घरातल्या कशालाही हात लावायचा नसतो, आणि लावलाच तर ती वस्तू धुवायची, हे आमच्या घरात न्यूटनच्या नियमांच्या वरचं आहे. मी समजावलं की रिमोटमध्ये सर्किट असतं. ती म्हणाली, "उद्या आत्यांचं शुभकार्य आहे आणि हाच रिमोट मामंजींच्या खोलीत राहणार आहे." मी न्हाणीघरात शिरलो तेव्हा मागून नळ सोडल्याचा आवाज आला. तिनं रिमोट चांगला धुतला. साबण लावला नाही, एवढं तिचं म्हणणं.

बंडेप्पाची बायको चंद्रम्मा हे ऐकून डबा घेऊनच आली. फोन भिजला की लोक तांदळात ठेवतात, पण तिच्या मते तांदळाला ओढ कमी. आमच्याकडची तूरडाळ पाण्याचा थेंब ठेवत नाही. तिनं स्वतःच्या हातानं रिमोट डाळीत पुरला, वर डाळ सारखी केली आणि झाकण लावलं. त्या संध्याकाळी अप्पांनी मला एकदाच विचारलं, "उद्या दिसंल ना रे?" मी हो म्हणालो. हो म्हणताना मी डाळीच्या डब्याकडे बघत होतो.

रविवारी सकाळी आठ वाजताच अप्पा अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, उपरणं घेऊन टीव्हीसमोर खुर्चीत बसले. विनीतानं वाटीत अक्षता करून ठेवल्या. बंडेप्पा आणि चंद्रम्माही कपडे करून आले, कारण कार्य शेवटी कार्यच. सव्वादहा वाजता डब्यातून रिमोट निघाला. डाळ लागून जरा पिवळा झाला होता, पण दिवा लागला. फक्त खालचं बटण एकदा दाबलं की त्याच्या मर्जीनं चार-पाच घरं खाली जायचं.

आधी कन्नड काढून मराठी करावं, म्हणजे काय चाललंय ते तरी कळेल, असं मी ठरवलं. भाषांची यादी उघडली. मराठी खाली दिसत होतं. मी जपून दाबत गेलो, रिमोट मधेच थांबला, मी चिडून दोनदा ओके दाबलं, आणि सगळा टीव्ही क्षणभर काळा होऊन परत आला तेव्हा डावीकडचं सगळं उजवीकडे गेलेलं होतं आणि अक्षरं उर्दू झाली होती.

घड्याळात दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. दखनी आम्ही चौघंही फाडफाड बोलतो. बंडेप्पाचं अर्धं गिऱ्हाईक त्याच बोलीतलं. पण वाचायला? चौघं चार दिशांना बघू लागलो. बंडेप्पा म्हणाला उर्दू शाळेच्या हेडमास्तरांना घेऊन येतो. चंद्रम्मा म्हणाली ते रविवारी बीदरला लेकीकडे असतात. मी पिन उपटावी म्हणून उठलो, तर बंडेप्पानं माझा हात धरला, कारण पिन उपटली तर हे असंच आत घट्ट बसून राहील अशी त्याला भीती वाटत होती. मग मी एका बटणावरून दुसऱ्या बटणावर अंदाजानं उड्या मारू लागलो. एकदा तर टीव्ही मला बायकी आवाजात काहीतरी विचारू लागला, आणि घाबरून मी रिमोट खुर्चीवर ठेवला.

"सरक बाजूला," अप्पा म्हणाले.

मला वाटलं त्यांना टीव्ही दिसत नाही म्हणून म्हणतायत. मी सरकलो. ते म्हणाले, खुर्ची पुढं घे. बंडेप्पानं आणि मी खुर्ची उचलून टीव्हीपासून हातभर अंतरावर ठेवली. अप्पांनी चष्मा पुसला, उजव्या कडेला बोट ठेवलं आणि सावकाश वाचायला लागले.

मी साठी ओलांडलेला माणूस आहे आणि मला लाज वाटली. अप्पा बारा वर्षांचे होईपर्यंत निजामाच्या शाळेत उर्दूतून शिकले. पुढे तहसिलात नोकरीला लागल्यावर जुने उर्दू उतारे वाचायला सगळा तालुका त्यांच्याकडे यायचा. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण गेल्या तीस वर्षांत त्यांना काही वाचून दाखवा असं कुणी म्हटलेलंच नव्हतं, म्हणून माझ्या डोक्यातून ते पार निघून गेलं होतं.

"दाब खाली. एकदाच," अप्पा म्हणाले. रिमोट चारदा गेला. "वर ये." मी वर आलो. त्यांनी आत्याच्या कार्यक्रमाचं प्रक्षेपण उघडायला लावलं. गोल फिरला, चौकोन आला. मी सवयीनं ओकेवर बोट ठेवलं.

"कामून घाई करायलास?" अप्पा म्हणाले. "कागद वाचल्याबिगर सही करायची न्हाई."

तहसिलात अडतीस वर्षं ते असेच वागले, आणि त्यापायी दोन तहसीलदारांनी त्यांचं नाव टाकलं होतं. त्यांनी चौकोनातल्या दोन्ही ओळी शेवटच्या ठिपक्यापर्यंत वाचल्या. मग म्हणाले, "तारीख चुकलीय म्हणायलंय. तारीख आणि वक्त दुरुस्त करा, मग चालंल म्हणायलंय."

टीव्हीच्या हिशेबानं त्या दिवशी पाच वर्षांपूर्वीचा एक जानेवारी होता. गेल्या आठवड्यात वीज सारखी जात-येत होती, तेव्हा त्याचं घड्याळ मागे जाऊन बसलं असावं. एवढंच लिहिलेलं तो शुक्रवारपासून मला आधी इंग्रजीत आणि मग कन्नडमध्ये परोपरीनं सांगत होता. दोन्ही भाषा मला वाचता येतात.

अप्पा सांगत गेले आणि मी दाबत गेलो, साहेबाच्या हाताखालच्या नव्या शिपायासारखा. तारीख बसली. अकरा पंचविसाला गोल एकदा फिरला आणि नाशिकचा हॉल आमच्या भिंतीवर लखलखीत उगवला. आत्या पाटाशेजारी उभी होती. अप्पांनी गुडघ्यावर दोन्ही हात ठेवले आणि पुढं झुकले.

या विजयाची बातमी ताबडतोब कळवावी म्हणून मी श्रीहर्षला फोन लावला. तिकडे सगळं दाखवणारा फोन तोच होता. माझी घंटी वाजली आणि आत्या हात अर्धा वर केलेल्या अवस्थेत थिजून गेली. विनीतानं माझ्या हातातून फोन काढून घेतला, घंटी तोडली, आणि मी पुन्हा फोन लावणार नाही असं सगळ्यांसमोर कबूल केल्यावर परत दिला. चित्र हललं.

"अण्णाला दिसायलंय का, ते सांगा आधी," आत्या म्हणत होती. गुरुजी घड्याळ दाखवत होते. मुहूर्त अकरा बेचाळीसपर्यंतचा. मी चित्राखाली प्रतिक्रिया लिहिली, अप्पांना स्वच्छ दिसत आहे. विनीतानं दुसऱ्या दोघा नातेवाइकांना फोन केले, पण मंगल कार्यात फोन उचलतो कोण. अर्ध्या मिनिटानं श्रीहर्षचा आवाज आला, "आई, संकर्षणनं लिहिलंय, मामांना दिसतंय म्हणून. बस आता."

"संकर्षण म्हणंलच की," आत्या म्हणाली. "अण्णाचं मन राखायला न दिसता बी दिसायलंय म्हणंल तो. स्वभावानं गरीब लेकरू आहे."

प्रक्षेपण लावून बसलेल्या चाळीस घरांत हे एकाच वेळी ऐकू गेलं. बंडेप्पा खिडकीबाहेर बघू लागला. मी आणखी एकदा लिहिलं, विनीतानं लिहिलं, भार्गवीनं बेंगळुरूहून लिहिलं, पण आत्या ढिम्म उभी. गुडघ्यांनी अधू बाई, दहा मिनिटं उभी होती आणि शेजारच्या खुर्चीची पाठ धरायलाही तयार नव्हती. अप्पा टीव्हीला म्हणत होते, "बस गं, बस, दिसायलीस," आणि ते तिला ऐकू जात नव्हतं. अकरा पस्तीस झाले.

"मला लिहायचंय," अप्पा म्हणाले.

टीव्हीवरूनही प्रतिक्रिया लिहायची सोय होती, फक्त आमचा टीव्ही भार्गवीच्या खात्यावर चालतो. मी चौकट उघडली तर खाली अक्षरांचा तक्ता आला, तोही उर्दू. मराठी करतो म्हणून मी धडपडलो. अप्पांनी रिमोट माझ्या हातातून घेतला. म्हणाले, राहू दे, हेच बरं आहे. ते एकेक अक्षर गाठू लागले. बटण पुढं पळायचं, ते शांतपणे मागे आणायचे. लिहून झाल्यावर त्यांनी ते एकदा पूर्ण वाचलं आणि मगच पाठवलं. काय लिहिलं म्हणून मी विचारलं.

"पारू, दिसायलीस," ते म्हणाले. मराठीच, पण उर्दू अक्षरांत.

मी कळवळून म्हटलं, "अहो अप्पा, तिथं ते वाचणार कोण?"

अर्धं मिनिट गेलं. श्रीहर्षचा आवाज आला, भार्गवीच्या नावावरून काहीतरी अरबी आलंय, तिचं खातं कुणीतरी चोरलेलं दिसतंय, काढून टाकतो. मी "नको, नको" म्हणून टीव्हीवर दोन्ही हात आपटले. पण आत्यानं श्रीहर्षकडे हात पुढं केला होता. फोन तिच्या तोंडाजवळ गेला, बोट लागून कॅमेरा तिच्याकडे उलटला आणि आमच्या भिंतीवर त्रेचाळीस इंच भरून फक्त आत्याचा चेहरा राहिला, कपाळावरच्या कुंकवासकट, नाकावर घसरलेल्या चष्म्यासकट. तिचे ओठ उजवीकडून डावीकडे सरकणाऱ्या नजरेबरोबर हलत होते.

"पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला आणि शाळेतली उर्दू गेली," अप्पा हळू आवाजात म्हणाले. "एवढं शिकलेलं, कुणाला तरी शिकवावं वाटायचं. घरात हीच होती, पाच वर्षांची. कोळशानं अंगणात गिरवून घ्यायचो."

आत्यानं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला आणि पुन्हा एकदा वाचलं. मग फोन श्रीहर्षकडे देऊन म्हणाली, "अण्णाच आहे. आणा ताट."

आणि बसली. अकरा एक्केचाळीस झाले होते. तिकडे सुना-नातवंडांनी ओवाळायला सुरुवात केली, इकडे विनीतानं वाटी पुढं केली, आणि अप्पांनी मूठभर अक्षता भरून टीव्हीवर टाकल्या. त्यातल्या निम्म्या वरच्या फटीतून सरळ आत गेल्या. मग विनीतानं टाकल्या, चंद्रम्मानं टाकल्या, बंडेप्पानं आधी पायातली चप्पल काढली आणि मग अक्षता टाकल्या. मी तोंड उघडलं ते थांबा म्हणायलाच, पण तेवढ्यात विनीतानं वाटी माझ्यापुढं धरली, म्हणून मीही टाकल्या.

अप्पा मात्र पुढं झुकून बघतच होते. बराच वेळ बघितलं आणि मग माझ्या हातावर हात ठेवून, तिला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाले, "किती म्हातारी झाली रे पारू."